कहासुना माफ

हजला निघण्याआधी आमच्यात माणूस दारोदार फिरतो. "कहासुना माफ करना," एवढंच म्हणायचं. बोललोचाललो, चुकलंमाकलं, सोडून द्या. नमाज-रोजा चुकला तर अल्ला माफ करेल. पण माणसाचं मन दुखवलं असेल तर माफी त्या माणसानेच द्यायची. ती बाकी ठेवून मक्केला गेलं तर काय उपयोग?

अब्बांनी हे काम फार मनावर घेतलं. अख्खं अमडापूर पालथं घातलं. शेताच्या बांधावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता, त्या शेतशेजाऱ्याकडे चहा पिऊन आले. सगळीकडे उत्तर एकच, "माफ आहे, आमच्यासाठी दुआ करा." कशाबद्दल माफी, ते कुणी विचारत नाही. तशी रीतच नाही.

शेवटी ते पिंपळगाव राजाला, माझ्या सासरी आले. सासू-सासऱ्यांचं झालं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "बेटी, कहासुना माफ."

मी भाकरी थापत होते. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ. "कशाबद्दल, अब्बा?"

दहावीनंतर शाळा सोडवली, त्याबद्दल म्हणतील असं वाटलं. तो राग जुनाच होता. ते पाटावर बसले. घरात आमची उर्दू चालते, पण अडचणीत आले की अब्बा वऱ्हाडीवर येतात.

"तुह्या निकालानंतर मास्तर घरी आले होते. म्हने, पोरगी हुशार हाय, खामगावले कालेजात घाला. अन् म्या तुले सांगतलं..."

पुढचं मला पाठ होतं. 'मास्तर म्हणाले, हिला पुढचं झेपायचं नाही.' त्या एका वाक्यापायी मी मुलांच्या अभ्यासात कधी डोकावले नाही. बँकेचा कागद आला की नवऱ्यापुढे सरकवायचा. माहेरी गेल्यावर मास्तर बाजारात दिसले की मी तोंड फिरवायची. ते आजारी पडले तेव्हा गावातली सगळी पोरं भेटून आली, मी गेले नाही.

तव्यावरची भाकरी करपली.

"माफ कर माय. नाई तं मी कोन्या तोंडानं जाऊ?" अब्बा म्हणाले. सासूबाई मागून खुणावत होत्या, म्हणून टाक. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"अब्बा, मले हे आत्ता समजलं. आज नाई होत."

त्यांनी मान हलवली. जेवले, आणि दुपारच्या एसटीने गेले. नंतरचे कितीतरी दिवस मी स्वतःला शिव्या दिल्या, आणि त्यांनाही.

हजहून आले तेव्हा लोक हार घेऊन उभे होते. हाजीसाहेब, हाजीसाहेब! ते घरी न जाता गाडी वळवून थेट माझ्याकडे आले.

"तिथं सर्वायसाठी दुआ मांगली," ते म्हणाले. "सोतासाठी मांगाची हिंमत नाई झाली."

किती वाळले होते! मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "माफ केलं, अब्बा." मनापासून म्हणाले. ते लहान मुलासारखे रडले.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मास्तर घरी असतीन का आता? त्यायलेही भेटतो."

ते हजला असतानाच मास्तर वारले, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.