पपईचा फोटो आणि सुमनचे सासरे

पपईचा फोटो काढण्याच्या नादात मी माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना अख्ख्या मोहल्ल्याकडून झोडपून घेतलं. (त्यांची-माझी ती पहिलीच भेट!)

सन एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. चांदा जिल्ह्यातल्या अहेरीत मी कारकून होतो आणि अंगात कॅमेऱ्याचं वारं शिरलं होतं. एका मासिकात वाचलं, की खरा कलावंत सूर्यावर विसंबत नाही. तो आपला उजेड आपणच तयार करतो. झालं! त्या दुपारी माझ्या बहिणीला, सुमनला, पाहायला मुलाचे वडील, चामोर्शीचे नानाजी, येणार होते. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, म्हणून आई-बाबांचा जीव टांगणीला लागलेला. आईने पाहुण्यांसाठी बाजारातून पपई आणि केळी आणली होती. ती मी पितळी परातीत मांडली, खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या आणि भर उन्हात खोलीत अंधार केला.

"काऊन रे, घरात कोनी मेलं का?" आईने दारातून विचारलं.

"सावल्या जमवून राह्यलो, आई."

"पाहुणे येऊन राह्यले अन् हा सावल्या जमवते!"

गॅसबत्ती डावीकडे ठेवली, तर पपई चपटी दिसली. उजवीकडे ठेवली, तर केळी आजारी दिसली. शिवाय स्थिरचित्रातल्या माशा काही स्थिर बसेनात! शेवटी मी चांद्याच्या फोटोवाल्याकडून आणलेली, पेटवून झगझगीत उजेड पाडायची पूड काढली. चिमूटभर पुरते, असं तो म्हणाला होता. पण कलेत चिंगूसपणा कसला? मी पळीभर घेतली!

काडी ओढली, तोच एक धिप्पाड गृहस्थ आत आले. मोठा फेटा, त्याहून मोठ्या मिशा. मोटार लवकर आली होती आणि नानाजीही!

"काय जी, पूजा चालली का?" म्हणत ते थेट परातीवर वाकले.

"हलू नका!" मी ओरडलो. पण काडी पुडीला लागली होती.

फाट्! डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि धुराचा लोट छपराच्या कवेलूंतून बाहेर पडला. शेजारचे पोचूभाऊ अंगणातून बोंबलले, "आग लागली वो! धावा!"

आमच्याकडे वणवा लागला, की लोक हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात. हात बसलेले! मोहल्ला कडुलिंबाच्या फांद्या घेऊन घरात घुसला आणि धुरात जे हलेल त्याला बडवू लागला. मी चपळाईने खाटेखाली शिरलो. हलायला उरले फक्त नानाजी.

"अबे, मी आग नाई! पाहुना आहो, पाहुना!"

"अरे बापा, पाहुना बी पेटला! हाना!"

इतक्यात नव्या लुगड्यातली सुमन धावत आली आणि तिने पाण्याने भरलेला पितळी गुंड त्यांच्या डोक्यावर रिकामा केला.

धूर विरला. नानाजी परातीत बसले होते. मिशीत पपईच्या बिया. आईने पदरात तोंड लपवलं, बाबांची मान वर होईना. मला वाटलं, खाटेखालीच जन्म काढावा. सुमनचं हेही स्थळ मी घालवलं होतं, आणि कॅमेऱ्याचं झाकण काढायलाही विसरलो होतो!

नानाजींनी मिशीतली एक बी काढून नीट पाहिली. "पानी कोनं टाकलं?"

"मी," सुमन म्हणाली.

"या घरात अक्कल असलेली हे एकच दिसते. पोरगी पसंत आहे जी. पन लगनात हा बुवा कॅमेरा घेऊन दिसला, तर वरात वापस नेतो!"

लग्न थाटात झालं. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, म्हणून मी मोठ्या ऐटीत पुढे झालो. तेवढ्यात नानाजींनी माझाच कान धरला आणि असा पिळला, की अख्खा मांडव टाळ्या वाजवू लागला. सगळ्यांत जोरात आमचे बाबा!

त्या सोहळ्याचा फोटो काढायला मात्र कोणाकडेच कॅमेरा नव्हता. त्याबद्दल नानाजींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.