कांद्याचं देऊळ

रिकाम्या देवळाच्या दारात उभं राहून मावशी चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आन् म्हणायची, "येऊ का आत?" मग जरा थांबायची. मगच उंबरा ओलांडायची.

आत कुणी म्हंजे कुणी नसायचं. देव वरच्या नव्या देवळात जाऊन बसलेला. गाभाऱ्यात त्याची दगडी बैठक तेवढी राहिलेली, आन् कोपऱ्यात मावशीचीच केरसुणी. मी एकदा इचारलं, "मावशे, इचारतीस कुणाला? आत हाय कोण?"

"कुणी न्हाई म्हणून तर इचारायचं," ती म्हणाली. "असता तर त्यानंच बोलावलं असतं."

मी डोकं खाजवलं. माझं डोकं तसं खाजवण्यापुरतंच दिलेलं हाय. शाळेची पायरी मी एकदाच चढलोय, तीबी शाळेचं छप्पर शाकारायला.

आमचं गाव महाळुंग्याच्या अलीकडं. आता तिकडं बघाल तर कंपन्याच कंपन्या, शिफ्ट सुटली की भोंगा. तवा गावात भोंगा एकच, माझं घोरणं. लोक कांदा पिकवायचे, बैलगाडीत भरून चाकणच्या बाजाराला न्यायचे, आन् येताना मीठ-मिरची घेऊन यायचे. जुनं देऊळ भैरोबाचं. खाली वढ्याच्या काठाला, काळ्या दगडाचं, जाड खांबांचं, भितींना दगडाच्याच जाळ्या. किती जुनं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांना इचारलं तर ते म्हणायचे, आमी लहान असतानाबी ते म्हातारंच व्हतं.

पण गाव हळूहळू वर सडकेकडं सरकलं. म्हाताऱ्यांना खाली उतरणं व्हईना, उतरले तर चढणं व्हईना. मग पंचांनी सडकेजवळ नवं देऊळ बांधलं. वर मंगलोरी कौलं, भितींना निळा रंग. देवाला वाजतगाजत वर नेलं. मावशी गुरवाची बायको, देवाची पूजा तिच्या घरात. पण नवरा मेलेला, पोर न्हाई, म्हणून पूजा दिराकडं गेली. देव दिराच्या वाट्याला आला, रिकामं देऊळ हिच्या. देवळाला लागून एक ओवरी व्हती, तिच्यात ती राहायची. चूल, दोन भांडी, एक घोंगडी. देव गेला तरी ही रोज पहाटं उठून देऊळ झाडायची.

मग नव्या देवळाला ओटा पायजे झाला. पायऱ्या पायजे झाल्या. घडीव दगड आणायचा कुठनं? कुणीतरी म्हणालं, खाली हाय की रग्गड, देवाचाच हाय, देवालाच लागंल. पण देवाच्या घराला असा हात कोण लावणार? म्हणून कौल लावला. म्हंजे देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर न्हाई. सगळं गाव श्वास धरून उभं. मीबी धरला व्हता, पण मला तो मधीच सोडावा लागला, कारण खोकला आला.

उजवं पडलं.

मावशी पाठीमागं खांबाला टेकून उभी व्हती. तिनं पदर सारखा केला आन् मुकाट खाली निघून गेली. देऊळ गेलं की ओवरी जाणार, हे सगळ्यांना कळत व्हतं. पण देवच हो म्हणाल्यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पाटलांनी मला पहार देऊन खाली धाडलं. गावात पाडापाडीचं काम निघालं की माझं नाव पयलं. बांधायच्या कामाला मला कुणी बोलवायचं न्हाई. एकदा गोठ्याची भित बांधली व्हती. म्हशीनं तिला अंग घासलं आन् भित म्हशीच्या अंगावर गेली. म्हस वाचली, माझी अब्रू गेली.

मी गेलो तर मावशी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत व्हती.

"मावशे, ऊठ. दगड काढायचेत."

"काढ की. इचारलं का?"

"इचारलं न्हवं काल? तुझ्यासमोर हो म्हणाला देव."

"हो म्हणाला," मावशी सुपातला खडा उडवत म्हणाली. "कधी, ते म्हणाला का?"

मी पहार खांद्यावर घेतली आन् चढ चढून पाटलांकडं गेलो. म्हणालो, "पाटील, देव हो म्हणाला खरं, पण कधी ते न्हाई म्हणाला."

पाटील आधी भडकले. "तुला पहार देऊन धाडलं व्हतं, का पंचाईत करायला?" पण मग त्यांनाबी घोर लागला. देवाचं काम. आपल्या मनानं दिवस धरला आन् उद्या काय वंगाळ झालं तर गाव कुणाला धरणार? ते म्हणाले, "दिवसाचा कौल लावू. अवस होऊन जाऊ दे, मग बघू."

मी परत खाली गेलो, पहार तिथंच राहिली व्हती म्हणून न्हवं, ती खांद्यावरच व्हती. मला आपलं वाटलं, मावशीला सांगावं. तिनं ऐकून घेतलं आन् म्हणाली, "आलाच हायेस तर वर चढ. शिखरात पिंपळ उगवलाय, तेवढा काढ."

"अगं, पाडायचं देऊळ, त्याचा पिंपळ कशाला काढायचा?"

"पडंल तवा पडंल. तवर त्याला टोचतंय न्हवं?"

मग मी पाडायच्या पहारीनं त्या देवळाचा पिंपळ उकलला. मूळ निसटलं तसा मुळासकट मीबी निसटलो, दोन टप्पे खात खाली आलो. मावशी धावत आली, वर बघत म्हणाली, "दगडाला काय झालं न्हाई ना?"

न्हवतं झालं. माझंच ढोपर फुटलं व्हतं. मग तिनं त्यावर हळद दाबली, आन् म्हणाली, "दगड काय हळदीनं बरा व्हत न्हाई रे. तू व्हशील."

अवस यायच्या आधीच पाऊस आला. अवकाळी. चैत्र सरत आलेला, कांदा काढून, पाती कापून गाड्यांत भरलेला. सगळ्या गाड्या वढ्याजवळ, उतारावर एकामागं एक. भामचंद्राच्या डोंगरामागनं काळं आलं आन् टपोऱ्या गारा चालू झाल्या. कांदा भिजला की गेला. वर्षाचं सगळं त्या गाड्यांत. माणसं घोंगड्या टाकतायत, धोतरं टाकतायत. मीबी अंगातली बंडी काढून एका गाडीवर टाकली. तिच्यात कापडापरीस भोकंच जास्त, चार कांदेबी झाकंनात.

तेवढ्यात मावशी देवळाच्या दारात आली. आमी बघतोय. ती चौकटीवर टकटक करते. थांबते. आमी वरडतोय, "अगं मावशे, आता तरी!" पण ती थांबायची तेवढी थांबलीच. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "आणा आत."

पाटील गाडीवरनंच वरडले, "देवळात कांदा? डोकं फिरलं का तुझं?"

त्यांचंबी खरं व्हतं. भैरोबाच्या पूजेला बसणाऱ्यानं कांदा तोंडाला लावायचा न्हाई, असं त्या घरात पूर्वीपासनं. मावशी लग्न होऊन त्या घरात आली, त्या दिवसापासनं तिनं कांदा सोडलेला. नैवेद्याच्या भाजीला कांद्याची सुरी लागली तरी ती भाजी गाईला जायची.

"देवाला कांदा चालत न्हाई," मावशी म्हणाली. "पण देव हाय कुठं? तुमीच वर नेला न्हवं का, ताशे लावून?"

पाटलांनी आभाळाकडं बघितलं. मग आपल्या गाड्यांकडं बघितलं. सगळ्यांत जास्त गाड्या त्यांच्याच. मग बारीक आवाजात म्हणाले, "गाभाऱ्यात नगं पण."

"गाभाऱ्यात मी देते व्हय!"

मग काय इचारता! हातोहात पाट्या आत गेल्या. मावशी मधी उभी राहून सांगत व्हती, "ह्या दोन खांबांमधला खण पाटलांचा. त्याच्या पलीकडं तुमचा. भितीला लावू नका, वल येते. ढीग उंच करू नका." मी पाटी घेऊन पळताना एका कांद्यावरनं घसरलो आन् थेट पाटलांच्या ढिगात बसलो. पाटील म्हणाले, "ह्याचा खण वेगळा करा." गारांचा मार चालू, कांद्याच्या वासानं डोळे झोंबतायत, आन् सगळे हसतायत. पोरं तर त्या देवळात पयल्यांदाच आलेली. कुणी खांबावरचा हत्ती बघतंय, कुणी जाळीतनं हात बाहेर काढतंय.

शेजारच्या गावांचा कांदा त्या पावसात सडला. आमचा वाचला. म्हंजे सुखासुखी वाचला असता, पण मधी मी कडमडलो. मला वाटलं, जाळ्यांतनं पाणी उडंल, चोर हात घालंल. म्हणून मी सगळ्या जाळ्यांत पोती कोंबली आन् दार लावून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच अक्कल चालवली.

दोन दिवसांनी चाकणचे बागवान चाचा कांदा बघायला आले. ते कांद्याचे जुने व्यापारी. दार उघडलं आन् त्यांनी नाकाला उपरणं लावलं. "या अल्ला! ये किसकी अक्कल है?"

सगळ्या गावानं एकदम माझ्याकडं बोट केलं. कुणाला इचार करावा लागला न्हाई.

चाचांनी स्वतःच्या हातानं पोती उपसली. वढ्यावरचा वारा एका जाळीतनं आत आला, ढिगांवरनं फिरला, समोरच्या जाळीतनं बाहेर गेला. चाचा तिथंच उभे राहिले, डोळे मिटून. म्हणाले, "मियाँ, कांद्याला वारा लागतो. कांदा साठवायची अशी चाळ आमच्या चाकणमधे बी न्हाई. ह्याला तोडायचं म्हणत होते तुमी लोक?"

 पाटील आपला एक कांदा उचलून उगाच पुसत राहिले.

तवापासनं मावशी उंबऱ्यावर बसायची. आत जाणाऱ्याला एकच सवाल. "ठोठावलं का?" हमाल असो, बाजारचा व्यापारी असो. पाटील एकदा घाईत तसेच आत गेले, तर तिनं त्यांना परत बाहेर यायला लावलं. पागोटं सावरत पाटलांनी चौकटीवर टकटक केली, थांबले, आन् आत गेले. मी हसलो. मग मलाबी बाहेर काढलं. मी तर आतच झोपलो व्हतो.

गाभाऱ्यात एक कांदा ठेवू दिला न्हाई तिनं. म्हणायची, "तेवढं मोकळं असू दे. कधी देवाला वाटलं, जुन्या घरी चक्कर मारावी, तर बसंल कुठं?"

अवस आली आन् गेली. चावडीवर सगळे बसलेले असताना मीच शहाण्यासारखं इचारलं, "पाटील, दिवसाचा कौल कवा लावायचा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाटील म्हणाले, "तुझा कांदा हाय का आत?"

"मला रान कुठं हाय कांदा पिकवायला?"

"म्हणूनच इचारतोयस," पाटील म्हणाले, आन् पानाला चुना लावायला लागले.

मी खाली जाऊन मावशीला हे सांगितलं. मला वाटलं, हसंल. ती हसली न्हाई. उठली, मला आत घेऊन गेली, जाळीखालचा एक कोपरा झाडला आन् म्हणाली, "हा तुझा." माझ्याकडं ठेवायला काय व्हतं? मी पहार आणून ठेवली. नव्या देवळाच्या ओट्याला पुढं खाणीतला दगड आला. त्या कामालाबी मला कुणी बोलावलं न्हाई.

असे काही हंगाम गेले. दर वर्षी कांदा आला, गेला. मावशी कांद्याच्या डोंगरात बसून बिनकांद्याची आमटी खायची. मग एका थंडीत ती अंथरुणाला लागली. मी भाकरी घेऊन ओवरीत गेलो तर म्हणाली, "एक कांदा आण."

"तुला?"

"आन् कुणाला? बुक्कीनं फोड. इळीनं नगं."

मी देवळाच्या चौकटीवर टकटक केली, आतनं चांगला बघून एक आणला. बुक्की मारली. अर्धा फुटला, अर्धा उडून तिच्या घोंगडीत गेला. माझं एक काम सरळ होईल तर शप्पथ. तिनं घोंगडीतनं पाकळी शोधली, भाकरीच्या तुकड्याबरोबर तोंडात घातली. किती तरी वेळ चावत राहिली.

"एवढं चांगलं सोडून बसले व्हते मी," ती म्हणाली.

"आणखी फोडू?"

"बास. आन् देवाला सांगू नगंस."

"देव वर हाय, मावशे. त्याला कुठनं कळतंय?"

"म्हणूनच सांगते. तू वर जाऊन बोलशील. तुझ्या पोटात काय राहत न्हाई."

बघा, न्हाईच राहिलं. तुमाला सांगितलंच.

मावशी गेली त्याच्यानंतरच्या हंगामात मी पयल्यांदा एकटा खाली गेलो. देऊळ गच्च भरलेलं, लाल कांद्याच्या ढिगांवर जाळीची नक्षी पडलेली. चौकटीवर टकटक केली. थांबलो. आतनं कुणी बोलावलं न्हाई. मग मी आत गेलो, तिची केरसुणी घेतली, गाभारा झाडला. दोनदा झाडला, कारण पयल्यांदा मी केर आतच ढकलला व्हता.

माझी पहार त्या कोपऱ्यात अजून उभी हाय. देवाचा कौलबी हाय तसाच हाय. देव हो म्हणालाय. कधी, ते इचारायला कुणी वर गेलेलं न्हाई.