प्रार्थनेसाठी म्हणून ग्रुपवर टाकलेली गोष्ट

अकरावीतल्या एका मुलीला आमच्या चर्चच्या मंडळीने फसवलं, आणि सुरुवात मी केली.

रबाळ्यात माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. एका जुन्या मशीनवर उभा केलेला. मालाच्या दरासाठी मी कुणाशीही तासभर वाद घालतो, आवाजही चढतो. पण शब्द दिला की फिरवत नाही, असं लोक म्हणायचे. म्हणूनच पाळकांनी खारघरला उपासनेनंतर कॉलेजच्या मुलांचा वर्ग मला दिला असावा. विषय सोशल मीडियाचा. मला त्यातलं फार कळत नव्हतं. मी एकच नियम घातला: काहीही टाकण्याआधी, येशू शेजारी बसलाय असं समजून ते मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळली तर पुसून टाकायचं. मुलं हसली, पण करू लागली.

एका रविवारी ती मुलगी मागे थांबली. खोट्या नावाच्या अकाउंटवरून ती कॉलेजातल्या एका मुलीची टर उडवायची. आता वाचायला गेलं की पुढे वाचवत नाही, म्हणाली. मी सौदा केला. तिने अकाउंट बंद करायचं, त्या मुलीची समोर जाऊन माफी मागायची, आणि मी कुणाकडे तोंड उघडायचं नाही. घरी कळणार नाही ना, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आठ दिवसांत तिने तिचं सगळं पार पाडलं.

मला मात्र राहवेना. माझ्या वर्गाचा उपयोग होतोय हे चारचौघांना कळावं, असं वाटत होतं. मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'अकरावीतल्या एका मुलीला प्रभूने खोट्या अकाउंटच्या पापातून सोडवलं. ती स्थिर राहावी म्हणून प्रार्थना करा.' नाव लिहिलं नव्हतं, म्हणून निर्धास्त होतो. आमच्या मंडळीत अकरावीत मुलगी एकच होती, हे डोक्यातच आलं नाही.

भराभर 'आमेन' आले. मंडळीच्या सेक्रेटरींनी तर तिच्या वडिलांना फोन करून, तुमच्या मुलीसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतोय, असं कळवलं. वडिलांना तोवर काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती सरळ माझ्यापाशी आली. "अंकल, ते टाकण्याआधी तुम्ही मोठ्याने वाचलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मला तरी विचारायचं."

त्यानंतर ती वर्गाला आली नाही, उपासनेलाही नाही. मी माफी मागायला घरी गेलो. तिच्या आईने चहा दिला; मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. बंद दाराशी काय घासाघीस करणार?

सेक्रेटरींवर फोनवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, प्रार्थनेला चुगली म्हणताय तुम्ही?"

हो, म्हणतोय. माझी लबाडी मी येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून कबूल करणार आहे. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही उठा, आणि तिच्या वडिलांना तो फोन का केलात याचं उत्तर मंडळीला द्या.