पंप ओके

आधीच सांगतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या न्यू पनवेलच्या बिल्डिंगमध्ये कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली, की "शेजारी एक कांदाही टांगा, कोशिंबीर होईल" असं म्हणणारा माणूस मी. माझा विश्वास गेजवर. काटा दाखवेल ते खरं. तरी हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, एकदा लिहून तरी टाका.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी एका अणुवीज केंद्रात पंपांच्या मेन्टेनन्सला होतो. पनवेलपासून बरंच लांब, समुद्रकाठी. सुनंदा, माझी बायको, पनवेलला शिक्षिका. म्हणून बिऱ्हाड इथे आणि मी आठवडाभर तिकडे हॉस्टेलवर. माझ्याकडचे पंप सेफ्टीचे — म्हणजे एरवी बंदच. कधी काही बिघडलं, तर अणुभट्टी थंड ठेवायला पाणी ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. ती वेळ येऊच नये, पण आलीच तर पंप क्षणात सुरू झाला पाहिजे... म्हणून अधूनमधून चालवून बघायचा. कंपन मोजायचं, बेअरिंग तापतंय का ते बघायचं. आणि एवढी उपकरणं असूनही आमची जुनी खोड — सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला. पंप आतून कसा आहे, ते कानाला कळतं.

माझी मुलगी मुक्ता, सात वर्षांची. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे आमच्याकडे व्हॉल्व्ह बंद करूनही पाणी गळतं, तसं." डॉक्टर हसले होते. जरा वजन वाढलं की मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्यासाठी सुनंदा रोज तिच्यामागे तूप-भाताचं ताट घेऊन फिरायची.

शनिवारी मी घरी आलो, की मुक्ता स्टीलचा पेला घेऊन पुढ्यात हजर. पेल्याचं तोंड तिच्या छातीवर, बुडाशी माझा कान. "हळू ना बाबा, गार लागतंय!" मग आतून आवाज यायचा — धप्, फुस्स... धप्, फुस्स. "चालू आहे का?" ती विचारायची. मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "पंप ओके." की बाईसाहेब पळाल्या खेळायला! तो आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता.

त्या आठवड्यात तिला ताप आला म्हणून पनवेलच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. सुनंदाचा फोन आला, डॉक्टर म्हणतात साधा ताप आहे, लवकरच घरी सोडतील. दुसऱ्या दिवशी पंपाची टेस्ट होती. ती उरकून लगेच निघायचं मी ठरवलं.

सकाळी पंप सुरू केला. सोबत म्हात्रे होता, आमचा फिटर, पनवेलजवळच्या विचुंबे गावचा. काटे सगळे जागच्या जागी. मी सळईला कान लावला... पंपाची घरघर होतीच, पण तिच्या आत — धप्, फुस्स. धप्, फुस्स.

सळई म्हात्रेच्या हातात दिली. त्याने बराच वेळ कान लावला. "नाय साहेब, एकदम सुरळीत हाय. तुमाला काय वेगलं वाटतंय?"

मी पुन्हा ऐकलं. होता. खरं सांगतो, मला भीती नाही वाटली. उलट पोटात माया दाटून आली. पोरीची आठवण येतेय म्हणून भास होतोय, असं स्वतःला समजावलं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "पंप ओके."

त्यानंतर तो आवाज हळूहळू लांब गेला... आणि थांबला. पंप मात्र चालूच होता.

म्हात्रे माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, कोनाशी बोलता?"

टेस्ट आटपून बाहेर येतो तोच गेटवरून निरोप, घरून फोन होता, ताबडतोब निघा. म्हात्रेने मला एकट्याला सोडलं नाही. बसमध्ये शेजारी बसला. हॉस्पिटलच्या दारात सुनंदा दिसली आणि विचारायचं काही उरलंच नाही. माझी मुक्ता गेली होती.

पुढे मी तो पंप उघडायला लावला. बेअरिंग नव्यासारखं. व्हॉल्व्ह घट्ट. कुठे काही नाही.

घरी मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. पाहुणे पांगल्यावर एका दुपारी सुनंदा स्वयंपाकघरात बसली होती, पुढ्यात तो पेला. आपणहून बोलायला लागली. "त्या सकाळी ती खूप तळमळत होती. मग एकदम शांत झाली. छातीवर हात ठेवून हसली आणि म्हणाली, हळू ना बाबा, गार लागतंय. मला वाटलं, तापात बरळतेय. मग म्हणाली, चालू आहे का?" सुनंदाने पेला पालथा घातला. "नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, आई, बाबा म्हणाले ओके. आणि डोळे मिटले."

मग मी तिला सगळं सांगितलं. सळई, आवाज, माझं ते बोलणं. वेळ ताडून पाहिली. तीच.

सुनंदाने पालथा पेला उचलून सुलटा ठेवला. मग म्हणाली, "ओके कशाला म्हणालात हो? थांब म्हणायचं. मी येतोय, थांब... तुमचं ती सगळं ऐकायची."



रिटायर होईपर्यंत पंपच तपासले. इतकी वर्षं डोकं खाजवलं, जाणत्या लोकांशी बोललो, पण त्या सकाळी काय झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. टेस्ट संपली की म्हात्रे विचारायचा, "ओके लिवू ना साहेब?" मी नुसती मान हलवायचो. तो शब्द पुन्हा माझ्या तोंडातून निघाला नाही.