मशीन आहे ना, मग कूस कशाला?

करवत हे नाव तिला बरोबरीच्या नर्सांनीच ठेवलं होतं आणि ते तिला ठाऊकही होतं. ती घरोघरी जाऊन जखमा बांधायची. पू आणि रक्त सोडलं तर बाकी सगळ्या जगाला तिचं नाक कायम मुरडलेलं.

या घरातले आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता कमरेखाली काही कळत नव्हतं. पडून पडून माकडहाडावर मूठभर खड्डा पडलेला. करवतीने त्यात स्पंज बसवला, वर पारदर्शक चिकट पट्टी ताणली, नळी जोडली. पलंगाला टांगलेलं छोटं यंत्र दिवसभर गुरगुरत जखमेतलं पाणी ओढून डब्यात टाकायचं. सर्जनने बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत खड्डा भरायला लागला नाही तर ऑपरेशन. आणि आजोबांच्या हृदयाला भूल झेपेल, असं कुणीही छातीठोक सांगत नव्हतं.

पहिला आठवडा जखम शहाण्यासारखी आकसली. मग अडली. त्या दिवशी तिने स्पंज काढला तर कडेला नवी काळपट चकती.

"कूस कधी बदलली होती?"

मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने यंत्राकडे.

"अहो सिस्टर," मुलगा म्हणाला, "आता मशीन आहे ना! ते ओढतंय की चोवीस तास. मग कूस कशाला?"

"बरोबर. घरात पंखा आला की माणसाने श्वास घ्यायचं सोडून द्यावं."

सून घाईने म्हणाली, "पण तक्ता भरतो हं आम्ही! दर दोन तासांनी खूण करतो."

भिंतीवर तक्ता होता. करवतीने चष्मा सावरला. "आत्ता अकरा वाजलेत ना, वहिनी? तुम्ही तर आजोबांना संध्याकाळी सहालाही वळवून मोकळ्या झालात. रात्रीच्या जेवणाची भांडीही घासून ठेवली असतील."

पलंगावरून बारीक आवाज आला. "त्यांना बोलू नका, बाई. पोराची कंबर दुखते. मीच म्हटलं, राहू दे."

"वा! लेकाची कंबर दुखू नये म्हणून तुम्ही स्वतःची सडवताय. थोर आहात, आजोबा. साहेब, या इकडे. फरशीवर उताणे झोपा."

"मी?"

"घरात दुसरा साहेब दिसत नाही मला. झोपा. हलायचं नाही."

मुलगा झोपला. करवत ड्रेसिंग करत राहिली, मान न वळवता. पाचव्या मिनिटाला त्याने पाय दुमडला. सातव्याला ढुंगण उचलून सरकला.

"हललात."

"अहो, टोचतंय खाली!"

"तुम्हाला टोचलं की तुम्ही सरकता. यांना टोचलेलं कळत नाही आणि कळलं तरी सरकता येत नाही. यंत्र घाण ओढेल. अंगाचा भार उचलायला ते काय तुमचा नोकर आहे?"

मग तिने पाठीमागे उशी तिरकी कशी सारायची ते दाखवलं. सुनेला घड्याळात गजर लावायला लावला. तक्ता टराटरा फाडला.

महिनाअखेरीस तिने जखम मोजली. खोली निम्मी. तळाशी लाल, दाणेदार मांस, कडा गुलाबी. तिने फोटो पाठवला. सर्जनचा फोन आला: ऑपरेशन राहू द्या, हेच चालू ठेवा.

आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मुलगा मात्र उत्साहाने यंत्रावर थाप मारून म्हणाला, "बघा! मी म्हणत नव्हतो? मशीन ते मशीन!"

करवतीने पिशवीची चेन ओढली. "अगदी. एक वाजलाय. सांगा तुमच्या मशीनला, बाबांची कूस बदल म्हणावं."

त्याने यंत्रावरचा हात काढला. मग एक हात कमरेवर दाबून वाकला आणि दुसरा बापाच्या खांद्याखाली घातला.

"उशी द्या," तो कण्हत बायकोला म्हणाला.

"डावीकडे आत्ताच होते ते. उजवीकडे वळवा," करवत म्हणाली आणि चपला घालून निघाली.