लुसुंगूबाईंना पडलेलं मत

फनेसी आमच्या गावातली पहिल्या नंबरची नाचणारी. मलावीत निवडणुका आल्या की पक्षाचे लोक नेत्याचा चेहरा छापलेलं चिटेंजे नावाचं कापड वाटतात. ते कमरेला गुंडाळून आम्ही बायकांनी धुळीत नाचायचं आणि पुरुषांनी खुर्च्यांवर बसून बघायचं. तीस वर्षं ती अशीच नाचली.

यंदा लुसुंगू नावाच्या बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. त्या आमच्या गावात आल्या, तेव्हा त्यांच्याकडे वाटायला कापड नव्हतं. तरी फनेसी सवयीनं नाचायला उठली. बाई म्हणाल्या, "नाचू नका, ताई. या खुर्चीवर बसा आणि तुम्हाला काय हवंय ते सांगा."

फनेसी बसली, पण तिला एक शब्द सुचेना. गावचा मुखिया म्हणाला, "हिला देवानं पायच दिलेत, तोंड नाही." सगळे हसले.

संध्याकाळी हापशावर ती मला म्हणाली, "माझं मत त्या बाईला. तुझं?"

"माझंही."

"शपथ?"

"शपथ."

मतमोजणीनंतर शाळेच्या भिंतीवर आमच्या गावच्या केंद्राच्या निकालाचा कागद लागला. लुसुंगूबाईंच्या नावापुढे एक मत होतं.

"कोण गं ती येडी?" बायका खिदळल्या. मीही खिदळले. मुखियानं दिलेलं नवंकोरं चिटेंजे माझ्या कमरेला होतं.

"मी," फनेसी म्हणाली. मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी चिटेंज्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.