सातवं रीळ

साताऱ्या-सांगलीकडच्या जत्रांत मी बारा वर्षं तंबू टॉकीजचं मशीन चालवलं. बढाई मारत नाही, पण माझ्या तंबूत हशा उसळला की औंधच्या डोंगरावर यमाईच्या पायऱ्या हलायच्या. एका मारामारीच्या सिनेमाला तर दोन माणसं मधल्या खांबावर चढून बसली आणि खेळ संपल्यावर उतरेचनात. त्यातला एक अजून तिथंच असेल.

अशा गोष्टी मी दिवसभर सांगेन. सातव्या रिळाची मात्र कुणाला सांगितलेली नाही.

माझा जिवलग दोस्त रहिमतपूरचा, मणियाराचा मुलगा. त्याचे वडील, आमचे चाचा, जत्रेत पाल ठोकून बायकांना बांगड्या भरायचे. हात इतका हलका, की पाळण्यातल्या पोरीला बांगड्या भरल्या तरी तिची झोप मोडायची नाही. पोरगा हे सोडून नाटकात गेला आणि बापलेकाचं बोलणं तुटलं. "माझ्या धंद्याची लाज वाटती त्याला," एवढंच चाचा म्हणायचे.

पुढं नव्वदीनंतरच्या एका वर्षी त्याला सिनेमात मुख्य काम मिळालं, तेही म्हाताऱ्या मणियाराचं. सांगलीत तो सिनेमा आठवडाभर रिकाम्या खुर्च्यांनी बघितला. मग रिळांच्या पेट्या आमच्या तंबूत आल्या, आणि पाठोपाठ दोस्ताचं पत्र : 'अब्बांना दाखव. माझं एवढं एक काम कर.'

औंधच्या जत्रेत चाचांचं पाल माझ्या तंबूपासून वीस पावलांवर. तीन दिवस विनवण्या केल्या, तेव्हा चौथ्या दिवशी दिवेलागणीला आले. मी अगदी पुढं पोतं अंथरून त्यांना बसवलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. पब्लिक कंटाळलं की मधलं एखादं रीळ गाळायचं, म्हणजे पुढचा खेळ लवकर लागतो. त्या दिवशी आत शिट्ट्या सुरू झालेल्या आणि बाहेर मारामारीच्या सिनेमाची गर्दी कनात फाडायच्या बेतात. मालक ओरडला, "आरं, उरक की! वरात हाय व्हय ही?" मी सहाव्यानंतर सरळ आठवं चढवलं. सातव्यात काय आहे ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

खेळ सुटला. चाचा टोपी झटकत बाहेर आले.

"कसा वाटला, चाचा?"

"चेहरा बरा आणलाय. पन मणियार दाखवलाय, आन् सगळ्या खेळात एक बांगडी भरली न्हाई, बेटा. तितंबी लाजलाच बघ."

दुसऱ्या दिवशी खेळाआधी मी सातवं रीळ एकट्यानं लावलं. रीळभर एक शब्द नाही. सासरी निघालेल्या मुलीचा हात मणियार झालेला दोस्त हातात घेतो, दाबून दाबून मऊ करतो, आणि बांगडी चढवताना मान वळवून दुसरीकडं बघतो. चाचा तसंच बघायचे. बाईला कळ आली तर तिला तोंड लपवायला लागू नये म्हणून. शेवटची बांगडी भरून होते, तरी त्याच्यानं हात सोडवत नाही. रीळ संपून पडदा पांढरा झाला आणि मी मशीनला टेकून उभाच.

पळत गेलो तर पाल उठलेलं. पुढं इस्लामपूरकडच्या जत्रेत चाचा भेटले. चहा पाजला, गप्पा हाणल्या; पण 'तुमच्या पोराचं रीळ मीच गाळलं' हे काही तोंडातून निघेना. पुढच्या जत्रेत सांगू म्हटलं. पेट्या मुंबईला परत गेल्या. पावसाळ्यात चाचाही गेले.

दोस्ताला मयतीला पोचता आलं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला आला, तोवर त्याला अभिनयाचं मोठं बक्षीस मिळालं होतं. सगळे त्या बांगड्यांचंच बोलत होते. परत जाताना स्टँडवर त्यानं मला बाजूला घेतलं.

"अब्बांनी बांगड्यांचं बघितलं का रं?"

"बघितलं की."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हात माझाच हाय."

तो बाकड्यावर बसला. त्याची गाडी लागली आणि सुटली, तरी उठला नाही.

"परत सांग," म्हणाला.

मी परत सांगितलं. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना मी एक शब्दही वाढवला नाही, असं तेवढंच एकदा घडलं.